जुनी गाडी एवढी महाग का?

शिक्षक-पालक मित्रांनो, जुनी वस्तू म्हणजे स्वस्त, असं मुलांना वाटतं. त्यांना हे उदाहरण जरूर सांगा.

1955 मध्ये जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझ कंपनीने शर्यतीसाठी '300 एसएलआर' गाडीचे बंद छताचे फक्त दोन नमुने बनवले. अभियंता रुडॉल्फ ऊलेनहाउट. दारं पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडणारी! पण त्याच वर्षाअखेर कंपनीने शर्यती सोडल्या. या दोन गाड्या शर्यतीत उतरल्याच नाहीत.

मे 2022 मध्ये त्यांतली एक स्टुटगार्टच्या संग्रहालयात निवडक संग्राहकांपुढे लिलावाला आली. किंमत मिळाली 13 कोटी 50 लाख युरो! हा पैसा तरुणांच्या शिष्यवृत्तीसाठी ठेवला. दुसरी गाडी कंपनीने स्वतःकडेच ठेवली.

आता मुलांना विचारा : अशा दोन लाख गाड्या असत्या, तर एवढी किंमत आली असती का?