चेहऱ्यावरचे वांग आणि समूहाचं कर्ज



काही महिन्यांपूर्वी एका समूहाच्या बैठकीत एका ताईंनी सहा हजार रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. सचिवताईंनी कारण विचारलं, तर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "तोंडावरच्या वांगाला. तालुक्याच्या पार्लरमध्ये पील करतात म्हणे." दोघी-तिघी हसल्या. एक आजी म्हणाल्या, "आता सासू व्हायच्या वयात कशाला गं?" त्या ताईंनी पदर तोंडावर ओढून घेतला.

मला वाईट वाटलं, कारण मीही यातून गेले आहे. कॉलेजला असताना होस्टेलमधल्या मुलींचं बघून मी एक ट्यूब आणली होती. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. तीन महिन्यांनी मात्र उन्हात गेलं की आग व्हायची, गाल लाल, वर बारीक पुळ्या. बंद केली की आणखी वाढायचं. बरं व्हायला वर्ष गेलं. म्हणून या वेळचा पाठ याच विषयावर.

वांग येतात कशामुळे?
उन्हातले अतिनील किरण त्वचेत शिरतात. त्यापासून बचाव म्हणून त्वचा रंगद्रव्य जास्त तयार करते. हेच किरण आत जाऊन त्वचेला घट्ट धरून ठेवणारे तंतू तोडतात, म्हणून वेचणी-निंदणी करणाऱ्या बाईला सुरकुत्या लवकर पडतात. बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि आनुवंशिकता यांमुळेही वांग येतात. म्हणजे यात बाईची काही चूक नाही, आणि ते घासून जाणारा मळही नाही.

धोका कुठे आहे?
'गोरं करणाऱ्या' अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. नावं वाचा किंवा मुलांकडून वाचून घ्या: मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, सांगितले तितकेच दिवस लावायची असतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती सर्रास मिळतात. जास्त दिवस लावली तर त्वचा पातळ होते, शिरा दिसतात, तोंडावर केस येतात.
दुसरा धोका पाऱ्याचा. बिल नाही, कंपनीचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, अशी क्रीमची डबी घेऊच नका. पारा किडनी खराब करतो.
आधीपासून स्टेरॉइडची ट्यूब लावत असाल तर घाबरून एकदम बंद करू नका. ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवा.

खरा उपचार कसा असतो?
त्वचारोगतज्ज्ञ पायरीपायरीने जातात. आधी उन्हापासून बचाव, मग लावायची औषधं. त्याने भागलं नाही तरच पील. पील म्हणजे सौम्य आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढणं. ते दोन-चार आठवड्यांच्या अंतराने अनेकदा करावं लागतं. लेझर त्याच्याही पुढची पायरी. आपल्या सावळ्या त्वचेवर पील किंवा लेझर चुकलं तर डाग आणखी काळा होतो, म्हणून ते पार्लरचं काम नाही. सुरकुत्यांवरचं ट्रेटिनॉइन मलम रात्री लावतात आणि गरोदरपणी लावत नाहीत. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.
एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा: वांग फिके होतात, पण ऊन लागलं की परत येतात. "कायमचे घालवतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बिनपैशाचा आणि कमी पैशाचा बचाव
- सकाळी लवकर शेतात जा. साधारण अकरा ते चार शक्य तेवढं सावलीत राहा.
- साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल आणि रुंद काठाची टोपी.
- जमल्यास एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन. दोन बोटांवर मावेल एवढं तोंडाला आणि मानेला, दर दोन तासांनी पुन्हा.
- लिंबू, टूथपेस्ट, सोडा तोंडाला लावू नका.

हे मात्र लगेच दाखवा
वाढणारा किंवा रक्त येणारा तीळ, महिनाभर न भरणारी जखम. मानेवर काळा, जाडसर, मखमलीसारखा थर आला असेल तर तो मळ समजून घासू नका, साखर तपासून घ्या.

मग कर्जाचं काय झालं?
आम्ही बैठकीतच हिशोब मांडला. सहा हजार, महिना दोन टक्के, दहा हप्ते: व्याज ६६० रुपये. एवढं फेडून वांग परत आले तर? त्या ताई म्हणाल्या, "लेकीला बघायला पाहुणे येणार. सगळे माझ्याच तोंडाकडं बघतात." मग कुणी हसलं नाही. समूहाने दीड हजार मंजूर केले, गाडीभाडं आणि औषधासाठी. हसणाऱ्या आजीच त्यांच्यासोबत जिल्हा रुग्णालयात गेल्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी मोफत आहे. दोन महिने झाले, वांग थोडे फिके आहेत. पूर्ण गेलेले नाहीत, आणि ताईंना ते माहीत आहे.

ताईंनो, चांगलं दिसावंसं वाटणं हा गुन्हा नाही. दशसूत्रीत आरोग्य आहे, आणि त्वचाही त्यातच येते.

पुढच्या बैठकीत बोलूया
१. आपल्यापैकी कोण कोणती क्रीम लावतं? डबी घेऊन या, घटक एकत्र वाचू.
२. बाईने स्वतःसाठी कर्ज मागितलं की आपण का हसतो?
३. आपल्या जिल्हा रुग्णालयात त्वचेची ओपीडी कोणत्या वारी असते? आशाताईंना विचारून फळ्यावर लिहा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक