निळ्या डोळ्यांची बालके आणि लेस्ली स्टीफन

‘जातिप्रथेचे निर्मूलन’ हे बाबासाहेबांचे १९३६ सालचे, लाहोरला न झालेले भाषण आम्ही वर्गात वाचावयास घेतो, तेव्हा एका वाक्यापाशी विद्यार्थी हमखास थांबतात. समाजसुधारणेच्या बाबतीत ब्राह्मण क्रांतिकारक होईल, ही अपेक्षा किती व्यर्थ आहे? निळ्या डोळ्यांची सर्व बालके मारून टाकण्याचा कायदा ब्रिटिश पार्लमेंट करील, असे मानण्याइतकी, असे बाबासाहेब म्हणतात. दाखला लेस्ली स्टीफन यांचा आहे, हेही ते तेथेच नमूद करतात. हे स्टीफन कोण, असा प्रश्न मग दोंडाईच्याच्या वर्गातही येतोच.

लेस्ली स्टीफन (१८३२–१९०४) केंब्रिजला फेलो होते आणि रीतसर दीक्षा घेतलेले पाद्री होते. श्रद्धा उडाली तेव्हा त्यांनी प्रार्थना चालविण्यास नकार दिला, अध्यापकपद सोडले आणि लंडनला येऊन लेखणीवर पोट भरले. ‘कॉर्नहिल’ मासिकाचे ते अकरा वर्षे संपादक होते. जॉन्सन, पोप, स्विफ्ट यांची चरित्रे त्यांनी लिहिली. तसेच हिंदुस्थानची बाजू पार्लमेंटात मांडणारे अंध अर्थशास्त्रज्ञ हेन्री फॉसेट यांचेही. इंग्लंडच्या राष्ट्रीय चरित्रकोशाचे ते पहिले संपादक. पहिला खंड १८८५ साली निघाला आणि पुढे त्यांनी स्वतः ३७८ नोंदी लिहिल्या. कोशाचा खरा उपयोग दुय्यम माणसांच्या नोंदींत असतो, असे त्यांचे मत होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे ध्यानी ठेवावे. आमच्या वस्त्यांतील ज्या आजोबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम नाकारले, त्यांची नोंद अजून कोणत्याही कोशात नाही.

निळ्या डोळ्यांचे उदाहरण ‘सायन्स ऑफ एथिक्स’ या १८८२ च्या ग्रंथातील आहे. स्टीफन यांचे म्हणणे असे की, कायदे करणाऱ्याची सत्ता दोन बाजूंनी बांधलेली असते. बाहेरून प्रजेच्या प्रतिकाराची भीती असते, तर आतून त्याचे स्वतःचे मन आडवे येते, कारण ते मनही समाजानेच घडविलेले असते. घटनापंडित डायसी यांनी हा विचार आपल्या ग्रंथात घेतला आणि तेथून तो बॅरिस्टर आंबेडकरांच्या हाती आला.

येथे मात्र विचाराची दिशा फिरली, असे आम्हास वाटते. स्टीफन यांच्या लेखी आतले बंधन हा दिलासा आहे: पार्लमेंट इतके क्रूर होणारच नाही. बाबासाहेबांनी तेच बंधन उलटे करून दाखविले. जे मन दुष्ट कायदा करू देत नाही, तेच मन आपला लाभ सोडणारा न्याय्य कायदाही करू देत नाही. निळ्या डोळ्यांची बालके सुरक्षित राहिली. इकडे माणसाला तळ्याच्या पाण्यापासून दूर ठेवणारी रूढी शतकानुशतके चालली, कारण ती पाळणाऱ्याच्या मनाला ती अमानुष वाटलीच नाही. १९२७ साली महाडला म्हणूनच बाहेरून धक्का द्यावा लागला.

पुरोहितपद सोडणाऱ्या स्टीफन यांनी स्वतः आतले बंधन तोडले होते, हे खरे. पण सगळे नव्हे. त्यांचे मुलगे केंब्रिजला गेले. मुली घरीच वडिलांच्या ग्रंथालयात वाचत राहिल्या. त्यांतील एक पुढे व्हर्जिनिया वुल्फ म्हणून जगाला माहीत झाली, आणि ते केंब्रिज आपल्या वाट्याला आले नाही, हे ती कधी विसरली नाही.