डोंगरवाटेचे सामान : भरवसा मोजावा कसा?

सातारा जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. वायव्य कोपऱ्यात महाबळेश्वर सापडेल. तेथे वर्षाकाठी सुमारे साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आता बोट पूर्वेकडे सरकवत माण तालुक्यातील दहिवडीपर्यंत आणा. सरळ रेषेत हे अंतर शंभर किलोमीटरांहून कमी भरेल. पण येथला पाऊस मात्र पाचशे मिलिमीटरच्या आसपास. शेजारच्या सांगली जिल्ह्यातही हीच कथा आहे. पश्चिमेला शिराळ्याकडे चांदोलीचे ओलेगच्च रान, तर पूर्वेला आटपाडी आणि जत येथील तापलेले माळ.

या दोन जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांची मुले आज मोठ्या संख्येने डोंगर चढतात. अजिंक्यतारा, सज्जनगड, वासोटा ही नावे तुमच्या ओळखीची आहेत. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने वर जाऊन परत येण्याची २१ किलोमीटरची डोंगरी शर्यत २०१२ पासून भरू लागली आणि पावसात धावणाऱ्यांची संख्याही वाढली. साहजिकच बूट, सॅक, विंडचीटर, तंबू यांची खरेदी वाढली आहे. दुकानात प्रत्येक वस्तूवर ‘भरवशाची’ असे लिहिलेले असते. ते खरे की खोटे हे कोणाला विचारावे? आपल्या पाठ्यपुस्तकातील पदार्थविज्ञानाला विचारावे, हे उत्तम. या लेखात आपण तीन कसोट्या पाहू. तिन्ही शाळेच्या प्रयोगशाळेत करता येतील अशा आहेत.

पहिली कसोटी : पाण्याचा स्तंभ

तंबूवर किंवा पावसाळी कोटावर कित्येकदा ‘१५०० मि.मी.’ असा आकडा छापलेला असतो. पुष्कळांना तो पावसाचा आकडा वाटतो. तसे नाही. त्या कापडावर १५०० मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला, तरी त्या दाबाने पाणी पलीकडे झिरपत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हा दाब किती? दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका असतो. म्हणून दीड मीटर स्तंभाचा दाब ०.१५ किलोग्रॅम. आता ५० किलोग्रॅम वजनाचा एक मुलगा तंबूत गुडघे टेकून बसला आहे असे समजा. प्रत्येक गुडघा ५० चौरस सेंटिमीटर जागा व्यापतो असे धरले, तर दाब होईल ५० ÷ १०० = ०.५ किलोग्रॅम दर चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाच मीटर पाण्याच्या स्तंभाइतका! खालची जमीन ओली असेल तर दीड मीटरच्या कापडातून पाणी वर येणारच. तोच मुलगा आडवा झाला तर त्याचे वजन सुमारे ३००० चौरस सेंटिमीटरवर पसरते आणि दाब अवघ्या १७ सेंटिमीटर स्तंभाइतका उरतो. तंबू झोपताना कोरडा आणि उठून बसताना ओला का होतो, याचे कारण आता स्पष्ट झाले. उपायही त्यातच आहे : बसण्याच्या जागी जाड चटई अंथरा, म्हणजे वजन अधिक क्षेत्रफळावर पसरेल. सॅकचे पट्टे रुंद असावेत, ते याच नियमामुळे. दोन सेंटिमीटरऐवजी सहा सेंटिमीटर रुंदीचा पट्टा घेतला की खांद्यावरचा दाब एकतृतीयांश होतो.

प्रयोग : विजेच्या तारा ज्यातून नेतात तसा प्लॅस्टिकचा एक मीटर लांबीचा पाइप घ्या. त्याच्या खालच्या तोंडावर कापडाचा तुकडा ताणून रबराने घट्ट बांधा. पाइप उभा धरून वरून हळूहळू पाणी ओता. कापडाच्या खालच्या बाजूस तिसरा थेंब दिसेल तेव्हा पाण्याची उंची मोजा. छत्रीचे कापड, सुती कापड, जुन्या विंडचीटरचा तुकडा असे नमुने तपासा. नंतर तोच नमुना साबणाने धुऊन, दगडावर शंभर वेळा घासून पुन्हा तपासा. नव्या कापडाचा आकडा किती मोठा, यापेक्षा घासल्यावर तो किती उरला, हे अधिक महत्त्वाचे आहे. भरवसा म्हणतात तो या दुसऱ्या आकड्याला.

दुसरी कसोटी : उतरती फळी

डोंगरात घसरून पडणे हा नेहमीचा अपघात. आपल्या सह्याद्रीचा खडक बेसाल्टचा, म्हणजे काळा कठीण दगड. पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढते. बुटाचा तळ या दगडावर किती धरतो, हे मोजण्याचे साधन अगदी सोपे आहे.

एका रुंद फळीवर खडबडीत काळ्या दगडाची लादी बसवा. बुटात एक किलो वाळूची पिशवी ठेवून तो लादीवर ठेवा. फळीचे एक टोक सावकाश उचला. बूट घसरू लागताच थांबा. उचललेल्या टोकाची उंची मोजा आणि तिला फळीखालच्या आडव्या अंतराने भागा. हा भागाकार म्हणजेच घर्षणांक होय. उदाहरणार्थ, उंची ४० सेंटिमीटर आणि आडवे अंतर ८० सेंटिमीटर असेल, तर घर्षणांक ०.५. असा बूट सुमारे साडेसव्वीस अंशांच्या उतारापर्यंत उभा राहील, त्यापुढे नाही. उतरताना आपण पावलाने शरीराचा वेगही अडवत असतो; म्हणून प्रत्यक्षात याहून कमी उतारावरच पाय सुटतो.

हीच मोजणी तीन वेळा करा : दगड कोरडा असताना, ओला असताना आणि शेवाळलेला असताना. दुकानाच्या कोरड्या फरशीवर सगळेच बूट चांगले वाटतात. फरक कळतो तो तिसऱ्या मोजणीत. आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. खोल खाचांचा पण टणक तळाचा बूट ओल्या गुळगुळीत दगडावर फारसा उपयोगी पडत नाही. तेथे मऊ रबर दगडाच्या बारीक उंचवट्यांत दबून बसते आणि पकड घेते. खोल खाचांचा उपयोग चिखलात आणि सुट्या मुरमात. म्हणून ‘सर्वांत चांगला बूट कोणता?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या जमिनीवर?’ हे आधी विचारले पाहिजे.

पिशवीत एकऐवजी दोन किलो वाळू घालूनही पाहा. पुस्तकातील नियमाप्रमाणे घर्षणांक बदलू नये. रबर हा नियम तंतोतंत पाळत नाही. थोडा फरक आढळला तर आपली मोजणी चुकली असे समजू नका.

पावसात धावणाऱ्यांसाठी एक सूचना. पाणी आत न येणारा बूट ऐकायला छान वाटतो. पण पाणी घोट्याकडून, वरूनच आत शिरते, आणि मग ते बाहेरही पडत नाही. अशा शर्यतीला पाणी चटकन निथळून जाईल असा जाळीदार बूट बरा.

तिसरी कसोटी : ओले कपडे

ही कसोटी सर्वांत महत्त्वाची, कारण येथे प्रश्न जिवाचा असतो. थंडीने माणूस दगावतो तो हिमालयातच, असा समज आहे. तो चुकीचा आहे. वीस अंश सेल्सिअस तापमानात, पाऊस आणि वारा असताना ओल्या कपड्यांतील माणूसही धोक्यात येऊ शकतो. कसे, ते हिशेबाने पाहू.

भिजलेल्या जाड सुती सदऱ्यात ३०० ग्रॅम पाणी राहिले असे धरू. शरीराच्या तापमानाजवळ १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. सगळ्या पाण्याची वाफ होण्यास लागतील ३०० × ५८० = १,७४,००० कॅलरी, म्हणजे १७४ किलोकॅलरी. ५० किलोग्रॅम वजनाच्या शरीराचे तापमान एक अंशाने उतरण्यास सुमारे ४१ किलोकॅलरी उष्णता जावी लागते. म्हणजे ही सारी उष्णता शरीरातूनच गेली आणि शरीराने नवी निर्माण केली नाही, तर तापमान चार अंशांहून अधिक उतरेल. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली जाणे हे धोक्याचे मानतात.

सुदैवाने शरीर ही एक भट्टी आहे. चढताना ती जोरात पेटते, त्यामुळे थंडी जाणवत नाही. पण विश्रांतीच्या वेळी तीच भट्टी तासाला जेमतेम साठ-सत्तर किलोकॅलरी देते. पाय मुरगळून कोणी पठारावर बसून राहिला, वारा सुटला आणि अंगात ओला सुती सदरा असला, तर खर्च जमेपेक्षा जास्त होतो. प्रथम हुडहुडी भरते. मग बोलणे अडखळते, बोटे नीट चालत नाहीत. ही चिन्हे दिसताच ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, वाऱ्याचा आडोसा करावा आणि मदत मागवावी. सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कपड्यांचा एक कोरडा जोड असावा, तो याचसाठी. महागड्या कोटापेक्षा त्याचा भरवसा मोठा.

येथे आपल्या घोंगडीची आठवण होते. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतील धनगरांच्या मेंढ्यांची लोकर आणि सनगरांचे माग यांतून ही घोंगडी तयार होते. तिला चिंचोक्याची खळ देतात. पावसात तिची खोळ करून मेंढपाळ दिवसभर उभा असतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी तंतूंच्या आत सामावून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. तिचे तंतू कुरळे असल्याने मधली हवा टिकून राहते. हवेपेक्षा पाणी सुमारे चोवीस पट अधिक उष्णतावाहक आहे. म्हणून कपड्यात हवा टिकणे म्हणजेच ऊब टिकणे. गंमत अशी, की सैल विणीची घोंगडी पहिल्या कसोटीत, पाण्याच्या स्तंभाखाली, लवकर हरेल. पण खोळीच्या उतारावरून पाणी ओघळून जाते, साचत नाही. यावरून कसोटी नेहमी वापराला साजेशी असावी, हा धडा घ्यावा. घोंगडीला दोषही आहे : ती जड असते आणि भिजल्यावर अधिकच जड होते. धावणाऱ्याला ती उपयोगाची नाही. त्याने अगदी थोडे पाणी शोषणारे पॉलिस्टरचे पातळ कापड घ्यावे.

प्रयोग : पत्र्याचे तीन सारखे डबे घ्या. एकाला कोरडे सुती कापड, दुसऱ्याला ओले सुती, तिसऱ्याला ओले लोकरी कापड गुंडाळा. तिन्हींत ६० अंशांचे पाणी सारखेच ओता, पंखा लावा आणि दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा.

मात्र सुती कापडाला वाईट ठरवू नका. एप्रिलमध्ये माणदेशच्या माळावर चालताना घाम धरून ठेवणारा, त्याच ५८० कॅलरींच्या हिशेबाने अंग थंड करणारा सुती सदराच आपला मित्र असतो. जो गुण घाटमाथ्यावर घातक, तोच शंभर किलोमीटरांवर तारक!

भरवशाचे गणित

एखादी विजेरी वीस वेळांपैकी एकदा दगा देते असे समजा. तशा दोन विजेऱ्या घेतल्या तर दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता १/२० × १/२० = १/४००. केवढी सुधारणा! पण हा गुणाकार एका अटीवर खरा आहे : दोन्हींची कारणे स्वतंत्र हवीत. दोन्ही विजेऱ्या सॅकच्या एकाच कप्प्यात ठेवल्या आणि तो कप्पा भिजला, तर दोन्ही एकदमच जातील. म्हणून एक विजेरी सॅकमध्ये आणि दुसरी सोबत्याच्या खिशात ठेवावी. काड्यापेटी, औषधे, पाणी यांनाही हेच लागू.

काळजी घेतली नाही तर उत्तम सामानही अडचणीत आणते. २९ मे १९५३ रोजी, एव्हरेस्ट सर झाले त्या दिवशी, पहाटे हिलरींना आपले बूट गोठून कडक झालेले आढळले. रात्री ते झोपण्याच्या पिशवीबाहेर राहिले होते. स्टोव्हवर ते मऊ करण्यात सुमारे दोन तास गेले. तेनसिंगांनी आपले बूट पायांतच ठेवले होते.

तेव्हा सामान घेताना तीन प्रश्न विचारा. ही वस्तू मी कोठे आणि कोणत्या ऋतूत वापरणार? सर्वांत वाईट परिस्थितीत मी तिची कसोटी घेतली आहे काय? आणि ती बंद पडली तर माझ्याजवळ दुसरी सोय काय? नवे बूट आणि नवा कोट प्रथम शाळेच्या मैदानावर, मग जवळच्या टेकडीवर आणि त्यानंतरच मोठ्या डोंगरावर न्यावा. वनखात्याचे नियमही पाळावेत. वासोट्यासारख्या अभयारण्यातील गडावर मुक्कामाला परवानगी नसते आणि कासच्या फुलांवर तंबूची चटई अंथरायची नसते.

स्वाध्याय

१. ६० किलोग्रॅम वजनाची व्यक्ती १५० चौरस सेंटिमीटर जागेवर भार देऊन बसली, तर तो दाब किती मीटर पाण्याच्या स्तंभाइतका होईल?

२. एका बुटाचा ओल्या दगडावरील घर्षणांक ०.३६ आहे. तो सुमारे किती अंशांच्या उतारापर्यंत टिकेल?

३. तुमच्या गावात पावसासाठी पूर्वी काय वापरत असत – घोंगडी, इरले की आणखी काही? त्या वस्तूची वरील कसोट्यांनी परीक्षा घ्या आणि निष्कर्ष वर्गात मांडा.