शरीर कमावण्याची हद्द आणि सुईचा धोका

मागच्या महिन्यात आम्ही बपेऱ्याच्या विहारात रक्तदाब आणि साखर तपासायला बसलो होतो. तपासणी संपता संपता एक आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. त्याचा रक्तदाब भरला 160/100. पाठ आणि खांदे पुरळांनी भरलेले. मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. दोन वर्षे व्यायाम करूनही दंड वाढत नाही म्हणून कुणीतरी त्याला सुई सुचवली. सहा सुया झाल्या होत्या. ताकदीचे टॉनिक समजून आईने रोवणीच्या मजुरीचे पैसे दिले होते.

मुलगा म्हणाला, "ताई, मेहनत तर रोज करतो, तरी शरीर थांबलं. माझ्यातच काही कमी आहे का?"

कमी काहीच नाही. हा प्रश्न अनेक घरांत आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

स्नायू कसा वाढतो?

वजन उचलले, दंड-बैठका मारल्या की स्नायूंवर ताण येतो. मग विश्रांतीच्या वेळी शरीर जेवणातली प्रथिने वापरून ते तंतू जाड करते. म्हणजे व्यायाम, जेवण आणि झोप तिन्ही लागतात. सुरुवातीच्या वर्षात फरक लवकर दिसतो. नंतर वेग कमी होतो आणि काही वर्षांनी वाढ जवळजवळ थांबते.

कारण शरीर स्वतःच ब्रेक लावते. मायोस्टॅटिन नावाचे प्रथिन स्नायूंची वाढ आवरते. ते 1997 साली शास्त्रज्ञांनी ओळखले. बेल्जियन ब्ल्यू जातीच्या गुरांत हा ब्रेक जन्मतः बिघडलेला असतो. ती गुरे अफाट मांसल दिसतात, पण त्यांच्या गायींची बाळंतपणे बहुतेक वेळा पोट फाडून करावी लागतात. ब्रेक उगाच नसतो.

हद्द किती?

चरबी वगळून उरलेल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. स्टेरॉइड न घेणाऱ्या पुरुष खेळाडूंत हा आकडा साधारण 25 च्या पुढे जात नाही, असे 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात दिसले. 165 सेंटिमीटर उंचीच्या मुलासाठी हे चरबीविना 66 ते 68 किलो होतात. तिथपर्यंतही फार थोडे पोहोचतात. हाडांची ठेवण आणि आईबापांकडून आलेला बांधा प्रत्येकाचा वेगळा. त्यामुळे मोबाईलवरच्या फोटोशी आपला दंड मोजू नका.

आपले खाशाबा जाधव आठवा. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते 52 किलो गटात लढले आणि सहावे आले. 1952 साली हेलसिंकीत 57 किलो गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पुढे ते पोलीस खात्यातच फौजदार झाले. 57 किलोच्या गटातला माणूस जगात तिसरा आला, तो डावपेच, दम आणि चपळाईवर.

सुईत काय असते?

स्टेरॉइड म्हणजे पुरुषी संप्रेरकाची कृत्रिम नक्कल. बाहेरून मिळाले की शरीर आपले बनवणे थांबवते. अंडकोष आकसतात, शुक्राणू घटतात, छातीवर गाठी येतात. रक्तदाब वाढतो, हृदयाची भिंत जाड होते, यकृत बिघडते. वाढत्या वयात उंची कायमची खुंटू शकते. मुलींचा आवाज घोगरा होतो आणि तो बहुधा परत येत नाही. एकच सुई दोघांनी वापरली तर कावीळ बी आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच.

दुसरी बाटली मेफेन्टरमाइनची. शस्त्रक्रियेत रक्तदाब घसरला तर डॉक्टर ते देतात. आम्ही ते ऑपरेशन थिएटरमध्येच पाहिले आहे. जोर यावा म्हणून ते जिममध्ये चोरून विकले जाते. त्याने स्नायू वाढत नाही, हृदय मात्र धोक्यात येते.

भरतीला काय लागते?

पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची: 1600 मीटर धावणे 20, 100 मीटर 15, गोळाफेक 15. मुलांची छाती 79 सेंटिमीटर आणि फुगवून 5 सेंटिमीटर जास्त लागते. दंडाला एकही गुण नाही.

ताटात काय असावे?

व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे सुमारे दीड ग्रॅम प्रथिने पुरतात. 60 किलोच्या मुलाला 90 ग्रॅम. दिवसभरात हे असे जमते:

• भात-पोळीचे धान्य 300 ग्रॅम : 22 ते 25 ग्रॅम
• तुरीची डाळ 100 ग्रॅम : 22 ग्रॅम
• सोयाबीन वडी 50 ग्रॅम : 25 ग्रॅम
• दोन अंडी : 12 ग्रॅम
• फुटाणे 50 ग्रॅम : 10 ग्रॅम

तलावाची मासोळी मिळाली तर उत्तमच. महागड्या डब्याची गरज नाही. रात्री सात-आठ तास झोप मात्र हवी.

सुया घेतल्या असतील तर?

लपवू नका. बाटली घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि सगळे खरे सांगा. पुढची सुई घेऊ नका. बरेच महिने घेतल्या असतील तर बंद केल्यावर थकवा आणि खूप उदासी येते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहा. छातीत दुखणे, दम लागणे, डोळे पिवळे होणे किंवा जीव नकोसा वाटणे, यातले काहीही झाले तर लगेच 108 ला फोन करा.

आयांनो, पोराच्या बॅगेत सुई सापडली तर आधी ओरडू नका, जवळ बसवून विचारा. त्या मुलाला आम्ही तुमसरच्या रुग्णालयात पाठवले. आता रक्तदाब 134/86 आहे. तो पहाटे 1600 मीटर धावतो आणि आई त्याच्यासाठी दोन अंडी उकडून ठेवते.