बिनपगारी दुकान, पण बिनहिशोबी नव्हे



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा, पाचट नाहीतर ठिबक यांविषयी लिहितो. या वेळी विषय दुकानाचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने दुकानावर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे, की कार्यक्षेत्रातील महिला बचत गटांच्या भगिनींनी कारखाना कार्यस्थळावर विक्री केंद्रासाठी एक गाळा मागितला आहे. वाकळा, घोंगडी, मातीची भांडी, चपला, काकवी अशा भेट म्हणून देण्याजोग्या वस्तू तेथे ठेवायच्या आणि पगारी नोकर न ठेवता आपणच पाळीपाळीने केंद्र चालवायचे, असा त्यांचा विचार आहे. विचार चांगला आहे. पण या वाटेवर आम्ही एकदा ठेच खाल्ली आहे, ती आधी सांगतो.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या एका गट ऑफिसच्या पडवीत आम्ही असेच एक विक्रीचे कपाट ठेवले होते. “माल ठेवून जावा, विकला की पैसे मिळतील,” असे आम्हीच बायकांना सांगितले. कपाटाची किल्ली कधी शिपायाकडे, कधी चिटबॉयकडे. गाळप हंगाम सुरू झाला, तोडणीच्या गडबडीत कपाटाकडे कोणी बघितले नाही. पावसाळ्यात ते उघडले, तेव्हा एका आक्कांच्या तीन वाकळा उंदरांनी कुरतडलेल्या निघाल्या. आणखी दोन वाकळा कोणाला दिल्या आणि त्यांचे पैसे कोठे गेले, याची वहीत नोंदच नव्हती.

आक्का एवढेच म्हणाल्या, “साहेब, काट्यावर ऊस घातला की पावती मिळती. माझ्या वाकळंची पावती कुठाय?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. पैसे पुढे आम्ही पदरचे भरले, पण आक्कांनी परत कधी वाकळ आणून दिली नाही. हेतू चांगला असला म्हणजे हिशोब नसला तरी चालेल, ही आमची समजूत त्या दिवशी गेली. म्हणून असली दुकाने इतरत्र कशी चालतात, ती का टिकतात आणि का बुडतात, याचा आम्ही थोडा अभ्यास केला. तो सभासदांपुढे ठेवतो.

सुरुवात साखरेपासूनच

गरीब मुलखातील कारागिरांचा माल रास्त भावाने घेऊन विकायचा आणि विकण्याचे काम गावातील लोकांनी बिनपगारी करायचे, या पद्धतीची दुकाने युरोप-अमेरिकेत बऱ्याच काळापासून आहेत. १९४६ साली एडना रूथ बायलर ही अमेरिकन बाई पोर्तो रिको बेटावर गेली होती. तेथल्या बायकांचे भरतकाम उत्तम, पण कमाई हातातोंडाशी गाठ घालण्यापुरतीही नव्हती. तिने ते काम विकत घेतले आणि आपल्या गाडीतून नेऊन ओळखीच्या लोकांत विकले. त्यातूनच पुढे ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’, म्हणजे ‘दहा हजार खेडी’, ही संस्था उभी राहिली. हे नाव सुचले ते महात्मा गांधींच्या खेड्यांविषयीच्या विचारावरून.

दुसरी हकीकत तर थेट आपल्या धंद्याची आहे. १९६८ साली नवी दिल्लीत संयुक्त राष्ट्रांची व्यापार व विकास परिषद भरली होती. गरीब देशांना दान नको, व्यापार करू द्या, हा सूर तेथे निघाला. त्याच सुमारास हॉलंडमधील काही मंडळींनी उसाची साखर विकायला घेतली. हॉलंडात साखर होते ती बीटापासून. युरोपने आपल्या बीटवाल्यांना संरक्षण दिलेले असल्यामुळे बाहेरच्या उसाच्या साखरेला तेथे सहज शिरकाव नव्हता. उसाची साखर घ्या म्हणजे गरीब देशांतल्या माणसाला चार दिवस बरे येतील, असे ही मंडळी लोकांना पटवून सांगत. साखरेनंतर त्यांनी हस्तकलेच्या वस्तू घेतल्या आणि १९६९ मध्ये ब्रुकेलन या गावी पहिले दुकान उघडले. पुढे अशी दुकाने गावोगाव निघाली. म्हणजे या दुकानांची मुहूर्तमेढ उसाच्या साखरेने रोवली, असे म्हटले तरी चालेल.

रास्त भाव म्हणजे काय?

‘रास्त व किफायतशीर दर’ हे शब्द आपल्या सभासदांना नवे नाहीत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे लागते, हेही सर्वांना पाठ आहे. त्यासाठी शेतकरी भांडतो आणि ते योग्यच आहे.

रास्त व्यापाराची जी जागतिक संघटना आहे, तिचे नियम हस्तकलेच्या बाबतीत याच्याही एक पाऊल पुढे आहेत. कारागिराने मागितल्यास मालाची निम्मी रक्कम ऑर्डर देतानाच, बिनव्याजी, आगाऊ द्यायची. कारागिराची चूक नसताना ऑर्डर रद्द झाली, तर झालेल्या कामाची भरपाई द्यायची. भाव दोघांनी बसून ठरवायचा.

यातली मुख्य गोष्ट सभासदांनी ध्यानात घ्यावी. कारागिराचा माल या पद्धतीत विकत घेतला जातो, ‘विकल्यावर पैसे’ या बोलीवर ठेवून घेतला जात नाही. उंदराने कुरतडले, रंग उडाला, गिऱ्हाईक आले नाही, तर नुकसान दुकानाचे. आम्ही पडवीत केले ते नेमके याच्या उलट होते. जोखीम सगळी आक्कांची आणि चांगुलपणाचे नाव मात्र आमचे!

श्रमदानाचा पैसा जातो कोठे?

आता एक हिशोब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत.

एका वाकळेला कापड-दोरा ५०० रुपये. काम फावल्या वेळचे, पण तास मोजले तर ४०, म्हणजे आठ तासांप्रमाणे पाच दिवस. दिवसाला ३०० रुपये मजुरी धरली तर १,५००. वाकळेचा रास्त भाव झाला २,०००. बायका स्वतः हा हिशोब करीत नाहीत. “बसल्या बसल्या तर केलं,” असे म्हणून हजाराला देऊन टाकतात. म्हणजे कापड-दोरा वजा जाता पाच दिवसांच्या कामाला पाचशे रुपये पडले. भांगलणीला गेली असती तरी तिला जास्त मिळाले असते.

आता दुकानाचे बघू. महिन्याला २०,००० रुपयांचा माल घेतला. वीज, पिशव्या, नासधूस मिळून खर्च ४,०००. पाळीवर स्वयंसेवक असतील, तर खरेदीवर चौथा हिस्सा, म्हणजे ५,००० रुपये चढवून २५,००० ला माल विकला तरी १,००० रुपये गंगाजळीत पडतात. तेथेच ८,००० रुपयांचे दोन नोकर ठेवले, तर १६,००० खर्च वाढला. मग त्याच मालाचे ४०,००० आले तरी नुसती तोंडमिळवणी होते. २,००० ची वाकळ ४,००० ला विकावी लागेल, नाहीतर आक्कांचे दोन हजार कापावे लागतील. गाळ्याचे भाडे यात धरलेलेच नाही.

तेव्हा स्वयंसेवक जो वेळ देतो, त्याची किंमत महिन्याला १६,००० रुपये आहे. हा पैसा कारागिराच्या भावासाठी आहे. तो गिऱ्हाइकाला स्वस्ताई देण्यासाठी वापरला, किंवा गलथानपणात घालवला, तर श्रमदान फुकट गेले. आपल्या वाडवडिलांच्या सावडीत, इरजिकात कोणी मजुरी घेत नव्हते. पण म्हणून कोणी दुपारी बैल सोडून निघूनही जात नव्हते.

ही दुकाने बंद का पडतात?

केवळ गोड बाजू सांगणे बरे नव्हे. हॉलंडमधील पुष्कळ दुकाने अलीकडच्या काळात बंद झाली. जुने स्वयंसेवक थकले, नवी पोरे त्यांच्या जागी आली नाहीत, रास्त व्यापाराची कॉफी आणि चॉकलेट मोठ्या बाजारातही मिळू लागले, आणि लोक घरबसल्या मोबाईलवर खरेदी करू लागले. ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’ने कॅनडातील आपला मुख्य कारभार आणि बहुतेक दुकाने २०२० साली बंद केली.

शिवाय भेटवस्तूंचा धंदा हंगामी असतो. तिकडे नाताळाच्या आधीचे दोन महिने विक्रीचे, आपल्याकडे दसरा-दिवाळी आणि लग्नसराई. खरेदीचा पैसा त्याआधी लागतो आणि न खपलेला माल पुढे वर्षभर मांडणीवर धूळ खातो. दुसरे असे, की कीव येऊन माणूस एकदाच खरेदी करतो. वाकळ उबदार असेल, टाका घट्ट असेल, तरच तो पाव्हण्यांसाठी दुसरी न्यायला येईल.

आपल्या केंद्रासाठी काही नियम

वरील अभ्यासावरून आम्ही असे सुचवतो.

१) माल आणला की जागेवर पावती. काट्यावरच्या पावतीसारखीच: वस्तू, नग, ठरलेला भाव, तारीख, सही. निम्मे पैसे त्याच दिवशी, उरलेले १४ दिवसांत, माल विकला जावो अथवा न विकला जावो.

२) त्यासाठी आधी भांडवल. प्रत्येक गटाने व इच्छुक सभासदांनी छोटे भाग घ्यावेत. जेवढी रक्कम जमेल तेवढाच माल घ्यावा. उधारीवर कपाटे भरू नयेत.

३) उपसा सिंचनाच्या पाणीपाळीसारखे महिन्याचे पाळीपत्रक भिंतीवर लावावे. एका पाळीला दोघी, अर्धा दिवस. जमत नसेल तर बदली देणे ही जिची पाळी तिचीच जबाबदारी. पाण्याची पाळी चुकली तर ऊस वाळतो, येथे गिऱ्हाईक वाळते.

४) रोज संध्याकाळी रोकड दोघींनी मोजावी, वहीत दोघींच्या सह्या, आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा. यात कोणावर अविश्वास नाही. संशय येण्याला जागा न ठेवणे हे दोघींच्याही हिताचे आहे.

५) प्रत्येक वस्तूला चिठ्ठी: कोणी केली, कोणत्या गावची, किती दिवस लागले आणि करणारीला किती मिळाले. मग घासाघीस आपोआप कमी होईल.

६) दर तीन महिन्यांनी मालाची मोजदाद. काय खपले, काय पडून आहे, हे करणाऱ्या भगिनींना सांगावे, म्हणजे पुढचा माल त्या बेताने येईल.

७) दर वर्षी निदान दोन नव्या मुली-मुलांना पाळीवर घेऊन काम शिकवावे. खोडव्यावर किती वर्षे काढायची? नवी लागण करावीच लागते.

सभासदांना विनंती

गाळ्याचा निर्णय मा. संचालक मंडळाकडे आहे. पण गाळा मिळाला म्हणजे दुकान चालले, असे नव्हे. ज्या भगिनींना पाळी घ्यायची आहे, त्यांनी आपले नाव आणि आठवड्यातील कोणता अर्धा दिवस जमेल, ते गट ऑफिसात कळवावे. सुगीत आणि तोडणीच्या काळात जमणार नसेल, तर तेही मोकळेपणाने सांगावे. नंतर न येण्यापेक्षा आधी नाही म्हटलेले बरे.

आणि पुरुष मंडळींना एक सांगणे. आपल्या उसाच्या दरासाठी आपण रस्त्यावर बसतो. घरातली माउली जी वाकळ शिवते, तिलाही दर असतो, हे कधी आपल्या मनात आले का? आज रात्री घरात विचारून बघा, एका वाकळेला किती तास लागतात. उत्तर ऐकून आम्ही स्वतः गप्प झालो होतो.

आम्ही त्या आक्कांकडे परवा पुन्हा जाऊन आलो. या खेपेला कोरे पावतीपुस्तक बरोबर नेले होते. त्यांनी ते उलटसुलट करून बघितले आणि म्हणाल्या, “बघू. आधी दुसऱ्यांची फाडा, मग माझी.” त्यांचे बरोबरच आहे.



— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते