खडकाखालचा खडक

खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या मनुष्याचा दृष्टान्त आपण सर्वांनीं ऐकला आहे. परंतु तो खडक तरी कशावर उभा आहे, व तो झाला केव्हां, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनांत येतो. त्याचाच येथें विचार करूं.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत आढळणारा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, पृथ्वीच्या मानानें अगदीं तरुण आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्ह्याचे ते थर होत. १९९३ सालच्या भूकंपानंतर किल्लारी येथें खोल छिद्र पाडण्यांत आलें, तेव्हां सुमारें ३३८ मीटर काळा पाषाण व त्याखालील गाळाचा पातळ थर ओलांडल्यावर ग्रॅनाइटाच्या जातीचा पुरातन खडक लागला. असाच खडक बंगळूरच्या लालबागेंतील टेकडीवर उघडा दिसतो. त्याचें वय सुमारें ३०० कोटि वर्षें मानितात.

ग्रॅनाइटांत गारगोटी, फेल्स्पार व अभ्रक हीं खनिजें असतात. त्याच्या एका घन सेंटिमीटरचें वजन सुमारें २.७ ग्रॅम भरतें. बेसाल्टाचें सुमारें ३ ग्रॅम. हा फरक लहान दिसतो, पण त्यामुळेंच हलक्या ग्रॅनाइटाचीं खंडें उंच राहिलीं व जड बेसाल्टाचे समुद्रतळ खालीं राहिले.

आतां हा खडक झाला कसा? भूगर्भांतील द्रव्य वितळलें असतां प्रथम बेसाल्ट निघतो, ग्रॅनाइट नव्हे. तेव्हां खंडें आरंभापासून तयार नव्हतीं. पाणी मुरलेला बेसाल्ट खोल जाऊन तापला म्हणजे पाण्याच्या योगानें त्याचा कांहीं अंश लवकर वितळतो. लोणी कढविलें असतां बेरी तळाशीं बसते व तूप निराळें होतें, तसाच हा प्रकार. हलका रस वर चढतो व भूपृष्ठाखालींच हळूहळू थिजतो. पुढें दाब व उष्णता यांनीं त्यांत पट्टे उमटले म्हणजे त्यास नाइस म्हणतात.

वय कसें कळतें, असें कोणी विचारील. या खडकांत झिर्कॉन नांवाचे बारीक स्फटिक असतात. स्फटिक बनतांना ते युरेनियम आंत घेतात, परंतु शिशास बहुधा थारा देत नाहींत. युरेनियमचें मात्र ठराविक गतीनें शिसें होत जातें. त्याच्या मुख्य प्रकाराचा अर्धा भाग पालटण्यास सुमारें ४४७ कोटि वर्षें लागतात. म्हणून दोहोंचें प्रमाण मोजलें कीं वय निघतें. कॅनडांतील अकास्टा नाइस या रीतीनें सुमारें ४०० कोटि वर्षांचा ठरला. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील जॅक हिल्स येथील कांहीं झिर्कॉनकण तर सुमारें ४४० कोटि वर्षांचे आहेत. त्यांचा मूळ खडक केव्हांच झिजून गेला; कण तेवढे उरले. त्यांतील प्राणवायूच्या परीक्षेवरून त्या काळींही पृथ्वीवर पाणी असावें, असें अनुमान निघतें.

असे आंकडे ऐकून मुलांची श्रद्धा ढळेल, अशी भीति कांहीं पालकांस वाटते. आम्हांस ती वाटत नाहीं. निर्मात्याच्या हातचें काम प्रामाणिकपणें मोजणें हा त्याचा अनादर नव्हे. ज्या खडकावर आपण निश्चिंत घरें बांधितों, तोही एका दिवसांत घडला नाहीं. पाणी, अग्नि व दीर्घ काळ यांनीं तो सिद्ध झाला. विद्यार्थ्यांनीं आपल्या अभ्यासाचा पायाही तितक्याच धीरानें घालावा.