मार्केट यार्ड आणि आमची परसबाग

आमचे गाव पुरंदर तालुक्यात आहे. माझे वडील शेतकरी आहेत. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. यंदा आण्णांनी विहिरीजवळच्या तुकड्यात मेथी केली होती. थंडीमुळे ती चांगली कोवळी आणि हिरवीगार आली. डिसेंबर महिन्यात एका शनिवारी ती उपटली. आई आणि तीन बायका दिवसभर जुड्या बांधत होत्या. मी शाळेतून आल्यावर मोजल्या. ७०० जुड्या भरल्या.

मी म्हटलं, "आण्णा, मला पण यायचंय मार्केट यार्डला." आण्णा म्हणाले, "लई थंडी असते गं." पण आजी म्हणाली, "ने की रं पोरीला. माल कुठं जातो ते बघू दे तिला."

रात्री आम्ही टेम्पोत बसलो. त्यात गावातल्या आणखी शेतकऱ्यांचा माल होता. दिवे घाट उतरून हडपसरवरून पुण्याला गेलो. पहाटे तीन वाजता गुलटेकडीला पोचलो.

मार्केट यार्डचे पूर्ण नाव श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड आहे. पुण्याची बाजार समिती १९५७ साली स्थापन झाली. पूर्वी भाजीचा मोठा बाजार शहरात मंडईच्या भागात भरत असे. मग तो गुलटेकडीला आला. शनिवारी इथल्या फळभाजी बाजाराला सुट्टी असते. म्हणून रविवारी खूप माल येतो आणि खूप गर्दी होते.

एवढी भाजी मी कधीच पाहिली नव्हती. कोबीचे ढीग आमच्या शाळेच्या खिडकीएवढे उंच होते. हमाल डोक्यावर पोती घेऊन "बाजूला, बाजूला" म्हणत पळत होते. मी आण्णांना विचारलं, "हे गाजर कुठलं?" ते म्हणाले, "राजस्थानचं." लसूण मध्य प्रदेशातून आला होता. बटाटा आग्र्याचा होता. मटारही परराज्यातला होता. आमच्या पुरंदरचा वाटाणा पावसाळ्यात येतो, थंडीत बाहेरचा येतो.

पालेभाजी तिथे तोलून विकत नाहीत. जुडी मोजून विकतात आणि भाव शेकड्यावर असतो. शेकडा म्हणजे शंभर जुड्या. त्या दिवशी सगळीकडून मेथीच आली होती. जिकडे बघावे तिकडे मेथी. आमच्या मेथीला शेकडा ३०० रुपये भाव मिळाला. म्हणजे एका जुडीचे ३ रुपये. आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त टोपी काढून परत घातली.

नंतर आम्ही हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर'मध्ये झुणका-भाकरी खाल्ली. हमाल पंचायत ही डॉ. बाबा आढाव यांनी उभी केलेली हमालांची संघटना आहे. कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावे म्हणून हे केंद्र १९७४ साली सुरू झाले. भाकरी गरम होती.

खाताना मी वहीत हिशोब केला. तो असा :

७०० जुड्यांचे आले – २१०० रुपये
तीन बायकांची मजुरी – ९०० रुपये
टेम्पोभाडे – ७०० रुपये
हमाली व सुतळी – १४० रुपये
राहिले – ३६० रुपये

यात बी, खत आणि आई-आण्णांची मेहनत धरलेली नाही.

आईने चिठ्ठी दिली होती. त्याप्रमाणे आम्ही बाहेर किरकोळीत लसूण, गाजर, मटार, मुळा आणि पालक घेतला. १८० रुपये झाले. म्हणजे अर्धे पैसे संपले. घरी आल्यावर आजी म्हणाली, "भाजी इकून भाजीच आणली व्हय?" सगळे हसले. पण मला हसू आलं नाही.

सोमवारी मी ही गोष्ट गुरुजींना सांगितली. गुरुजींनी माझा हिशोब फळ्यावर लिहिला. मग म्हणाले, "यात कोणाची चूक नाही. एकच भाजी सगळ्यांची एकदम आली की भाव पडतो. पण घरी खायला लागते ती भाजी दारात पिकवता येते. परसबागेत एकाच भाजीचे खूप पीक घ्यायचे नसते. थोडे थोडे पण पुष्कळ प्रकारचे घ्यायचे असते."

मी ठरवलं, आपण परसबाग करायची. घरामागे न्हाणीजवळ मोकळी जागा होती. तिथे दिवसभर ऊन असते. आण्णांनी कुदळीने खणून दिली. मी खडे वेचले आणि कुजलेले शेणखत मिसळले. सहा छोटे वाफे केले. त्यात मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर आणि लसूण लावला. कडेला काठ्या रोवून वाटाण्याचे वेल सोडले. मटारचे सुकलेले दाणे आजीच्या डब्यात होतेच.

थंडीत या भाज्या चांगल्या येतात. कारण ऊन वाढले की मेथी, पालक, कोथिंबीर लवकर फुलावर येतात आणि पाने राठ होतात. थंडीत जमीन लवकर वाळत नाही म्हणून पाणीही कमी लागते. आम्ही भाजी आणि तांदूळ धुतलेले पाणी वाफ्यांना घालतो. साबणाचे पाणी घालत नाही.

माझ्या दोन चुका झाल्या. पहिली चूक, मी धने अख्खेच पेरले. आठ-दहा दिवस झाले तरी फारसे उगवले नाहीत. आजी म्हणाली, "अगं, धनं रगडून दोन फाका करून पेरायचं असतं." मग पुन्हा पेरले. दुसरी चूक, कुंपण केले नाही. शेजारच्या कोंबड्यांनी मेथी उकरली. मला रडूच आलं. मग भावाने आणि मी बाभळीच्या काट्या लावल्या आणि परत पेरले.

मेथी तीस दिवसांत काढायला आली. गुरुजींनी एक रोप उपटून मुळावरच्या बारीक गाठी दाखवल्या. वाटाण्यालाही अशा गाठी असतात. त्यातले सूक्ष्म जीव हवेतला नत्र धरतात आणि जमिनीला खत मिळते. पालक मुळापासून उपटायचा नाही, वरून कापायचा. मग तो पुन्हा फुटतो. मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी होतो. त्याचा पाला पण भाजीला चालतो. गाजराचे रोप करून लावत नाहीत, बी तिथेच पेरतात. त्याला सुमारे तीन महिने लागतात. लसूण दिवाळीच्या सुमारास लावायला हवा होता. आमचा उशिरा लागला म्हणून गड्डे बारीक होतील. पण त्याची पात आत्ताच खाता येते. पातीची चटणी आण्णांना फार आवडते.

वाटाण्यावर मावा पडला होता. तेव्हा ५० ग्रॅम लिंबोळीचा चुरा एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवला, सकाळी गाळून फवारला.

गुरुजी म्हणतात, पालेभाजीत लोह असते, ते रक्ताला लागते. गाजरातून अ जीवनसत्त्व मिळते, ते डोळ्यांना चांगले.

आज वाफे करून दीड महिना झाला. आई आठवडे बाजारातून आता बटाटे आणि मिरचीच आणते. लसणाच्या गड्ड्या मात्र अजून विकत आणाव्या लागतात. परवा आमची मेथी जास्त झाली, तर मी एक जुडी शाळेच्या पोषण आहाराला दिली. त्या दिवशी खिचडीत आमची मेथी होती.

मी आता मेथी एकदम पेरत नाही. दर आठ दिवसांनी एक ओळ पेरते, म्हणजे रोज कोवळी मिळते. आण्णा एक दिवस बांधावर बसून माझ्या ओळी बघत होते. मग त्यांनीही शेतात मेथीचे तीन भाग केले आणि आठ-आठ दिवसांनी पेरले. भाव काय मिळेल ते बाजारात गेल्यावरच कळेल. पण सगळी मेथी एकाच पहाटे विकावी लागणार नाही.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरामागे दोन हात जागा असली तरी पुरे. नसली तर फुटक्या बादलीत कोथिंबीर लावा. पण धने रगडून पेरा आणि आधी काट्या लावा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी